खालून येणारी अर्धी प्रार्थना

“आवाज थांबला की आधी ओढायचं. रडायचं मग.”

सासूबाईंनी हे मला लग्नानंतरच्या पहिल्या ऑक्टोबरात सांगितलं, भुयाराच्या दारात बसवून, हातात दोराचं टोक देऊन. गाउदेन्सिया त्यांचं नाव. त्या मोजकं बोलत. बोलल्या की ते वाक्य घरात खुंटीला टांगल्यासारखं राहायचं.

आमच्या गावात माणसं खाली रस्त्यालगत राहतात आणि वाईन वर टेकाडाच्या पोटात. स्पेनमधल्या लिओनच्या त्या सपाट मुलखात मातीचं एवढंच एक टेकाड, तेही आमच्या खापरपणज्यांनी मुंग्यांसारखं पोखरून ठेवलेलं. प्रत्येक घराण्याचं आपापलं भुयार. आमच्या भुयाराला बत्तीस पायऱ्या. खाली उतरलं की डावीकडे लांबट बोळ, त्यात ओळीने चार मोठी लाकडी पिंपं, आणि चौथ्या पिंपामागे विटांनी बुजवलेली एक कमान. त्या चौथ्या पिंपाच्या डोक्यावरून एक नळकांडं थेट टेकाडाच्या माथ्यावर निघतं. आम्ही त्याला धुराडं म्हणतो, पण त्यातून धूर कधी येत नाही. भुयाराचा श्वास येतो.

ऑक्टोबरात रस आंबायला लागला की त्यातून जड हवा सुटते. तिला रंग नाही, रूप नाही. ती पाण्यासारखी जमिनीलगत साचत जाते आणि माणूस उभ्या उभ्या तिच्यात बुडतो. म्हणून आमच्या घरात एक रीत होती. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा. त्याच्या हातात मेणबत्ती द्यायची, तीही गुडघ्याशी धरायची; ज्योत विझली की मागे फिरायचं. आणि वर दारात घरातली एक बाई माळ घेऊन बसायची. ती प्रार्थनेचा पहिला अर्धा म्हणायची, ‘नमो मरिये, कृपापूर्णे’पासून. खालचा माणूस काम करता करता उरलेला अर्धा म्हणायचा: ‘पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन.’ उत्तर आलं म्हणजे श्वास चालू आहे. पन्नास मणी संपले की काम असेल तिथे सोडून वर यायचं.

शेजारच्या भुयारांमध्ये लोक शिट्ट्या मारत, गाणी म्हणत. आमच्यात माळ होती. सासूबाई म्हणत, “गाणं माणूस नशेतही म्हणतो. प्रार्थना चुकली की कळतं.”

अकरा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, संत फ्रोइलानच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी माझा नवरा एउतिमिओ खाली उतरला. मी दारात बसले. मी म्हणत गेले, तो उत्तर देत गेला. पन्नासच्या पन्नास उत्तरं आली, एकही चुकलं नाही. माळ संपली आणि तो वर आला नाही. हाक मारली, ओ नाही. दोर ओढला तर तो जड लागला. माणसं धावली. तो चौथ्या पिंपापुढे पालथा पडला होता, विटांच्या कमानीकडे डोकं करून. डॉक्टर म्हणाले, उतरल्यावर पाच-सहा मिनिटांत संपलं असावं सगळं.

पाच-सहा मिनिटांत माझे दहा-बारा मणी झाले असतील. पुढच्या मण्यांना मला उत्तर कोण देत होतं?

हे मी एकदाच बोलले, अंत्यविधीच्या दिवशी. माझा दीर सगळ्यांदेखत म्हणाला, “वहिनी, तुमची समाधी लागली होती. दोन्ही अर्धे तुम्हीच म्हणत बसलात आणि माझा भाऊ खाली गुदमरला.” त्यानंतर तो आमच्या उंबऱ्याला आला नाही. मी वाद घातला नाही. त्या दिवसापासून वाईनचा थेंब घेतला नाही. रोज सकाळी चर्चमध्ये मिस्सेची उपासना, दुपारी चर्चच्या तिसऱ्या बाकावर एउतिमिओसाठी माळ, आणि टेकाडाकडे पाठ. आमची द्राक्षं सहकारी वाईनरीच्या ट्रकातून जात राहिली.

मग गेल्या वसंतात माझी मुलगी कामिनो वायादोलिद शहरातली प्रयोगशाळेतली नोकरी सोडून घरी आली. म्हणाली, “आई, मी आपली वाईन आपल्या भुयारात करणार. आजी करायची तशीच.”

आजी करायची तशी म्हणजे रसाला आई देऊन. आमच्याकडे गाळलेल्या रसात न चिरडलेले अख्खे घड सोडतात, त्याला आई देणं म्हणतात. त्या घडांतला एकेक मणी आतल्या आत आंबतो आणि वाईनला जिभेवर टोचणारी एक बारीक गंमत येते. पण घड तरंगून वर येतात. रोज कोणीतरी उतरून ते लाकडी दांड्याने खाली दाबावे लागतात, नाहीतर वरचा थर आंबट होऊन सगळं पीप जातं.

“ट्रकाला दे द्राक्षं,” मी म्हणाले.

“ट्रकाला द्यायला मी परत आले का?” तिने पिशवीतून हाताएवढं एक यंत्र काढलं. “हे बघ, याला नाक आहे. तुझ्या मेणबत्तीपेक्षा शहाणं. हवा बिघडली की बोंब मारतं.”

“तुझे बाबाही शहाणे होते.”

“बाबांकडे यंत्र नव्हतं, आई.”

“बाबांकडे मी होते,” मी म्हणाले.

त्यावर तिने यंत्र पिशवीत परत ठेवलं. पण सप्टेंबरच्या शेवटी तिने दोन पिंपं भरली आणि एके दुपारी लसणाचं सूप जेवताना, चमचा खाली न ठेवताच म्हणाली, “आज घड दाबायचेत. तू आलीस तर बरं. नाही आलीस तर मी एकटी उतरेन.”

एकटी. तो एक शब्द तिने सहज टाकला. तिचा हट्ट मला ठाऊक होता. मी माळ घेतली, माडीवरून दोर काढला आणि अकरा वर्षांनी टेकाड चढले.

वरच्या बाकावर लिसिनिओकाका ऊन खात बसले होते. पंच्याऐंशीच्या घरातले, आमच्या शेजारच्या भुयाराचे मालक. पायाशी त्यांचं कुत्रं. त्याचं नाव त्यांनी मंत्री ठेवलंय. म्हणतात, काही करत नाही आणि दोनदा जेवतो.

“अरे वा, सूनबाई!” पस्तीस वर्षं झाली तरी मी गावाची सूनच. “आज टेकाडाचं भाग्य उजळलं. आता वाईनही घेणार का, की अजून पाणीच?”

“पाणीच, काका.”

“वाईनवाल्यांच्या घरची बाई आणि पाणी पिते. म्हणूनच पाऊस पडत नाही, सगळं हीच पिऊन टाकते.” मग कामिनोच्या कमरेचा दोर बघून त्यांचं हसू मावळलं. “उतरतेस, पोरी?”

“उतरते. माझ्याकडे यंत्र आहे, आई आहे आणि वर तुम्ही आहात. अजून काय हवं?”

“मला हिशेबात धरू नकोस. मी बसलो की उठायला अर्धा तास लागतो.”

मी तिच्या हातात मेणबत्ती दिली. कपाळावर दिवा बांधलेला असूनही तिने मुकाट्याने घेतली, याचं मला बरं वाटलं.

“पण आई, मला नीट येत नाही गं ते. ‘आता’ आधी की ‘मरण’ आधी?”

“‘आता’ आधी.”

“बरं आहे बाई,” ती हसली आणि उतरली.

“दुसऱ्या पिंपापुढे जायचं नाही,” मी मागून ओरडले.

“तिसरं-चौथं रिकामंच आहे. कशाला जाऊ?”

मी दाराच्या दगडावर बसले. दोर बोटांतून हळूहळू सरकत गेला आणि थांबला. मी क्रूसाची खूण केली, पहिला मणी धरला. खालून पायऱ्या-पायऱ्यांनी तिचं उत्तर आलं, घाईघाईचं, शब्द गिळलेलं: “...देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी कर, आता नि मरणाच्या वेळी, आमेन. आई, घड काय टम्म फुगलेत!”

“मधे बोलू नकोस.”

“बरं.”

दुसरा, तिसरा, सातवा मणी. दांड्याचा धप्प धप्प आवाज, मग तिचं उत्तर. दर वेळी ‘विनंती’ हा शब्द ती गिळायची. मला तो लहानपणापासूनचा तिचा दोष माहीत होता आणि आज त्या दोषाचाच आधार वाटत होता. लिसिनिओकाका बाकावर डुलकी घेऊ लागले. खाली मैदानात कोणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता.

पंधराव्या मण्याच्या आसपास दांड्याचा आवाज बंद पडला. उत्तर मात्र आलं.

“पवित्र मरिये, देवाच्या माते, आम्हां पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. आमेन.”

आवाज कामिनोचाच. पण एकही शब्द गिळलेला नव्हता.

मी पुढचा मणी म्हटला. उत्तर तसंच आलं, सावकाश, प्रत्येक अक्षर जागेवर. मंत्री उठून उभा राहिला. त्याने दाराकडे पाहिलं नाही. माझ्या डोक्यावरून वर, टेकाडाच्या माथ्याकडे बघत तो घशात गुरगुरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. आवाज पायऱ्यांवरून येतच नव्हता. तो वरून, धुराड्यातून येत होता.

मी गप्प झाले. पुढचा मणी बोटांत धरून ओठ मिटून बसले. मी काहीच म्हटलं नव्हतं, आणि तरीही वरून माझ्या मुलीच्या आवाजात उत्तर आलं. मग पुन्हा. मग पुन्हा, पहिल्या अर्ध्याची वाट न बघता.

मी ओढलं. दोर ताठ झाला, हलेना. दोन्ही पाय चौकटीला लावले आणि अंगातलं सगळं बळ मागे टाकलं. “काका!” मी ओरडले. अर्धा तास लागणारा तो म्हातारा दोन ढांगांत आला, काठी फेकून माझ्यामागे दोर धरला. आधी हातभर आला, मग दोन हात. मग एकदम सैल पडला आणि आम्ही दोघं मागे आपटलो. पायऱ्यांवर धडपडल्याचा आवाज झाला, खोकला आला, आणि कामिनो हातापायांवर रांगत उजेडात आली. ओठ निळे पडले होते. कमरेला अडकवलेलं यंत्र कर्कश बोंबलत होतं. ते खाली बोंबलत असताना मला वर एवढंसंही ऐकू आलं नव्हतं.

ती गवतावर ओकली. मी तिचं कपाळ धरून ठेवलं. नीट श्वास घेता आल्यावर ती म्हणाली, “तू... तू आत कशी होतीस?”

“मी इथेच होते, बाळा.”

“नाही. मेणबत्ती विझली. यंत्र ओरडलं. मी लगेच वळले, खरंच वळले. पण डोकं गरगरत होतं, आणि तुझा आवाज समोरून येत होता. ‘नमो मरिये’ म्हणत होतीस. मला वाटलं, आई जिकडे तिकडेच दार. म्हणून आवाजाकडे चालत गेले.” तिने डोळे मिटले. “हाताला विटा लागल्या.”

लिसिनिओकाका म्हणाले, “जड हवेने डोकं फिरतं, पोरी. माझ्या भावाला एकदा खाली समुद्र दिसला होता.” ते तिला धीर देत होते. मलाही तेच पटवून घ्यायला आवडलं असतं.

पण तेवढ्यात वरून, धुराड्यातून, स्वच्छ आवाज आला. “आम्हां पाप्यांसाठी विनंती कर.” कामिनोचा आवाज. आणि कामिनो माझ्या मांडीवर डोकं ठेवून, ओठ मिटून पडली होती.

तिने मान उचलली. “आई, ते कोण आहे?”

काकांनी टोपी काढली. त्यांना मी पस्तीस वर्षांत चेष्टेशिवाय एवढं बोलताना पाहिलं नव्हतं. खालच्या आवाजात म्हणाले, “तुमच्या त्या विटांबद्दल गावात तीन गोष्टी सांगतात, आणि तिन्ही एकमेकींना खोट्या पाडतात. माझा आजा म्हणायचा, भुयार पुढे खणायला बाहेरगावचा एक माणूस आणला होता. माती खाली आली. सुगी तोंडावर होती. कोणी उकरत बसलं नाही, विटा लावल्या. त्याचं नाव कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे मिस्सा तरी कोणाच्या नावाने करणार?” टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणाले, “आजा पिऊन असायचा म्हणा.”

मी काकांना म्हणाले, “तिला घरी न्या. गरम दूध द्या. मी आलेच.”

“आई, चल ना.”

“आले म्हटलं ना.”

ती काकांच्या खांद्याचा आधार घेऊन टेकाड उतरू लागली. वळणावर थांबून, एवढ्या अवस्थेतही, म्हणाली, “उद्या चार वाजता पंखा मागवते. खालची हवा आधी बाहेर ओढू. पण घड दाबावेच लागतील, आई. पंधरा दिवस रोज. आत्ता सोडलं तर सगळं गेलं.”

मी नाही म्हणाले नाही. नाही म्हटलं असतं तर ती माझ्या पाठीमागे उतरली असती, आणि मग दारात कोणीच नसतं.

त्या दोघांचे आवाज दूर गेल्यावर मी माथ्यावर चढले. धुराड्याचं दगडी तोंड माझ्या छातीइतकं उंच आहे. त्यातून गोडसर, कोमट हवा येत होती, झोपलेल्या माणसाच्या तोंडाजवळ तोंड नेल्यावर येते तशी. भीती वाटत होती. पण भीतीच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ते मी तिथे उभी राहून चाचपत राहिले.

अकरा वर्षं मी त्या खालच्या अर्ध्याला उत्तर समजत होते. ज्याने ते म्हटलं त्याला मी चोर समजत होते, माझ्या नवऱ्याचा आवाज चोरणारा. पण तो अर्धा काय सांगतो, याचा मी विचारच केला नव्हता. हजारदा तोंडून गेलेले शब्द माणूस कुठे ऐकतो? त्या अर्ध्यात उत्तर नाहीच. मागणं आहे. आमच्यासाठी विनंती कर. मरणाच्या वेळी विनंती कर. खाली कोणीतरी हे इतकी वर्षं मागत होतं, आणि त्याला स्वतःचा आवाज उरला नव्हता म्हणून सापडेल त्याच्या आवाजात मागत होतं. ज्याचा आवाज सापडायचा त्याला जवळ ओढत होतं. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्याच गळ्याला मिठी मारतो, त्यात त्याचं वैर नसतं.

आणि मी रोज दुपारी चर्चच्या तिसऱ्या बाकावर बसून माझ्या एकट्या एउतिमिओसाठी माळ ओढत होते.

“मी तुला ओळखत नाही,” मी आत तोंड करून म्हणाले. स्वतःचा आवाज नळकांड्यात उतरताना ऐकू आला. “तू कोण, कुठला, मला माहीत नाही. पण आमच्या लोकांनी तुझ्यासाठी काही केलं नाही, हे खरं असावं. मी रोज येईन. पोरगी उतरण्याआधी येईन, आणि पंधरा दिवस संपले तरी येत राहीन. दोन्ही अर्धे मीच म्हणेन, अख्खी माळ, तुझ्यासाठी. नाव नसलं तरी देवाला पत्ता लागतो. पण माझ्या मुलीचा आवाज तिचा तिला राहू दे. तिला हाक मारू नकोस.”

खालून काही आलं नाही. कोमट श्वासही थांबला. मी कान लावून उभी राहिले. मला वाटलं, एवढंच. मी वळणार, तोच अगदी खोलातून, एखाद्याने शब्द तोंडात धरून बघावा तसा, एकच उच्चार वर आला.

“आमेन.”

तो कामिनोचा आवाज नव्हता. एउतिमिओचाही नव्हता. तो माझा होता.

घरी आल्यावर मी हे कोणाला सांगितलं नाही. कामिनोने दूध पिऊन दोनदा शपथ घेतली की पंख्याशिवाय पायरीवर पाऊल ठेवणार नाही. रात्री ती माझ्याच खोलीत झोपली, लहानपणी झोपायची तशी, माझ्या बाहीचं टोक मुठीत धरून. तिच्या श्वासाकडे लक्ष देत मी पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर गाव नेहमीसारखं झोपलं. खिडक्यांची दारं मिटली, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. कामिनो आतल्या कॉटवर आडवी झाली आणि लगेच घोरायला लागली. पंखा चारला यायचा होता. आत्ता पावणेतीन झाले होते.

मी भांडी पुसून फडताळात ठेवली आणि माळ खिशात टाकली. तिच्या अंगावरची चादर खांद्यापर्यंत ओढली. दार वाजू नये म्हणून कडी बोटाने धरून बाहेर आले, मग ती हलकेच सोडली आणि उन्हात टेकाडाच्या वाटेला लागले.